देवाधर्माची बातमी छापताना वर्तमानपत्र का कचरतं?

साताऱ्या-सांगलीत निघणाऱ्या दैनिकांच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव, छापखान्याचा पत्ता आणि पुष्कळदा त्यापुढे ठरलेली दोन वाक्यं : ‘या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ आणि ‘वाद उद्भवल्यास स्थानिक न्यायकक्षेत’. वाचकांना वाटतं, या दोन वाक्यांनी संपादक मोकळा झाला. तसं होत नाही. काय छापायचं हे ठरवणारा माणूस म्हणून कायदा त्याच्याकडेच बघतो, त्यामुळे ‘मी सहमत नव्हतो’ हा बचाव फौजदारी खटल्यात फारसा टिकत नाही. न्यायकक्षेची ओळही फौजदारी तक्रारदाराला बांधून ठेवत नाही. साताऱ्यात छापलेल्या मजकुरावर नांदेडच्या पोलीस ठाण्यातही गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.

मी काही वर्षं जिल्ह्याच्या बातम्यांच्या डेस्कवर काम केलं आहे. धर्म आणि लेखनस्वातंत्र्य यांचा विषय निघाला की चर्चा लगेच परदेशातल्या व्यंगचित्रांवर किंवा बंदी आलेल्या पुस्तकांवर जाते. आमच्याकडे अडकणाऱ्या बातम्या निराळ्याच असतात. देवाची किंवा पैगंबरांची टिंगल छापायची हौस जिल्ह्याच्या पेपरात कुणालाच नसते. अडते ती यात्रेतल्या गर्दीच्या नियोजनाची बातमी, देवस्थानाच्या हिशेबाची बातमी, जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या घराची बातमी. म्हणजे ज्यांच्या भावना जपायच्या म्हणून बातमी अडवली, तिचा सगळ्यात जास्त उपयोग त्या भाविकांनाच होणार असतो. हे कसं घडतं ते समजून घ्यायचं तर आधी कायदा बघावा लागेल, कारण भीती घालताना नाव त्याचंच घेतलं जातं.

कायदा नेमका काय म्हणतो

धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीत लावलं जाणारं कलम इंग्रजांच्या काळातलं आहे. लाहोरच्या राजपाल नावाच्या प्रकाशकाने पैगंबरांविषयी अवमानकारक पुस्तिका छापली. दोन समाजांत वैर पसरवल्याचा खटला त्याच्यावर चालला, पण १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्याला सोडून दिलं. मजकूर निंद्य असला तरी दिवंगत धर्मपुरुषावरची टीका तेव्हाच्या कलमात बसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी भारतीय दंडसंहितेत २९५-अ हे नवं कलम आलं. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, राजपालांचा खून झाला. कलम आलं म्हणून खून टळला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या विधेयकाच्या छाननी समितीत मोहम्मद अली जिना होते. इतिहास लिहिणारे, सत्य शोधणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे लोक या कलमात अडकता कामा नयेत, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. कलमाची शब्दरचनाही तशी आहे. भावना दुखावल्या एवढ्यावर गुन्हा होत नाही. लिहिणाऱ्याने मुद्दाम, दुष्ट हेतूने एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धेचा अवमान केला, हे सिद्ध व्हावं लागतं. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ व्या क्रमांकाने आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत.

१९५७ मध्ये हे कलम घटनेच्या कसोटीवर तपासलं गेलं. सर्वोच्च न्यायालयात गेलेले रामजीलाल मोदी हे ‘गोरक्षक’ नावाच्या मासिकाचे संपादक, मुद्रक आणि प्रकाशक होते. न्यायालयाने कलम वैध ठरवलं, पण त्याची हद्दही आखून दिली. धर्माचा प्रत्येक अवमान हा गुन्हा नव्हे, नकळत किंवा बेफिकिरीने झालेला अवमान यात येत नाही. साठ वर्षांनी हाच मुद्दा महेंद्रसिंग धोनीच्या कामी आला. एका व्यापारविषयक नियतकालिकाने २०१३ मध्ये त्याला मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं होतं, हातांत निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू होत्या आणि त्यांत बूटही होता. तक्रारी झाल्या, समन्स निघाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली, कारण मुद्दाम दुखावण्याचा दुष्ट हेतू त्यात दिसत नव्हता.

मजकूर कुणाच्या नजरेने वाचायचा, याचंही उत्तर न्यायालयांनी दिलेलं आहे आणि त्यातलं एक जुनं उत्तर नागपूरचं आहे. १९४६ मध्ये तिथले न्यायमूर्ती विव्हियन बोस म्हणाले, की शब्दांचा परिणाम शहाण्या, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापाने मोजावा. प्रत्येक विरोधी मतात धोका बघणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच माप पुन्हा हातात घेतलं.

आता राज्यघटनेकडे येऊ. कलम १९ बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य देतं आणि त्यावर कोणत्या कारणांनी बंधनं घालता येतात, हेही सांगतं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी अशी ती कारणं आहेत. त्या यादीत ‘धार्मिक भावना’ हे शब्द नाहीत. २९५-अ टिकलं ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर, आणि मला यातच मोठी अडचण दिसते. सुव्यवस्था बिघडवण्याची ताकद ज्याच्याकडे जास्त, त्याच्या भावनेला जास्त वजन येतं. काच फोडणाऱ्या जमावाचं म्हणणं पोलीस ठाण्यात लगेच ऐकलं जातं. शांतपणे दुखावलेला माणूस घरी बसून राहतो. १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट निकाल दिला आहे : मोर्चाची, हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, तिला संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे.

मग भीती कशाची?

निकाल एवढे बाजूने असताना संपादक घाबरतो का? कारण निकाल शेवटी लागतो आणि त्रास पहिल्या दिवसापासून सुरू होतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. खटल्याची दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते हे खरं, पण ती अट न्यायालयासाठी आहे. गुन्हा नोंदवायला आणि अटक करायला मंजुरी लागत नाही. वेगवेगळ्या गावांत गुन्हे नोंदले गेले तर ते एकत्र करण्याचा अर्ज घेऊन वरच्या न्यायालयात जावं लागतं. दिल्लीच्या वाहिनीला ते परवडतं. तालुक्याच्या साप्ताहिकाला वकिलाची फी आणि चार तारखांचं एसटीभाडंसुद्धा जड जातं.

महाराष्ट्रातली उदाहरणं पाहा. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या ‘शार्ली एब्दो’च्या कचेरीवर हल्ला होऊन १२ माणसं मारली गेली. त्यासंबंधीच्या मजकुराबरोबर ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत त्या नियतकालिकाचं मुखपृष्ठ छापलं गेलं. संपादक शिरीन दळवी यांनी माफी मागितली, तरी त्यांच्यावर अनेक ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, अटक झाली आणि ती आवृत्ती बंद पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयसिसच्या पैशांच्या स्रोतांवर ‘लोकमत’मध्ये लेख आला. लेख दहशतवाद्यांच्या विरोधात होता, पण सोबतच्या चित्रातल्या डुकराच्या आकाराच्या गल्ल्यावरून संताप झाला, काही कार्यालयांवर हल्ले झाले आणि दैनिकाने माफी मागितली. मार्च २०१६ मध्ये मदर तेरेसांना संतपद देण्यावर टीका करणारा अग्रलेख ‘लोकसत्ता’ने दुसऱ्याच दिवशी मागे घेतला.

या तिसऱ्या घटनेचं मला जास्त वाईट वाटतं. तो अग्रलेख कुणाला पटो न पटो, त्याला उत्तर देता आलं असतं आणि वाचकांनी ते वाचलं असतं. पण छापलेलं मतच परत घेतलं गेलं. ना न्यायालयाचा आदेश, ना सरकारची बंदी. एवढ्या मोठ्या दैनिकाला माघार घ्यावी लागते, हे जिल्ह्यातल्या लहान संपादकाने पाहिलं की पुढच्या वेळी तो कोणता मार्ग धरणार, हे वेगळं सांगायला नको.

आणि शेवटी जिवाची भीती. ती बोलून दाखवली जात नाही, पण असते. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, पुढे ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक झाले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच ऑगस्टमध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गी, सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळुरूत संपादक गौरी लंकेश. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला, दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. खुनापासून निकालापर्यंत जवळपास अकरा वर्षं गेली. आमच्या भागातले पत्रकार हा हिशेब मनात ठेवूनच लिहितात.

डेस्कवर काय घडतं

स्वतःहून कात्री लावण्याचं काम फार साधेपणाने होतं. कुणी कुणाला धमकी देत नाही. रात्री पानं लागत असतात, तालुक्याच्या वार्ताहराची बातमी येते : अमुक यात्रेत अरुंद वाटेवर दुकानं थाटली आहेत, पाण्याची सोय नाही, देवस्थान समितीने मागच्या वर्षीचा हिशेब जाहीर केलेला नाही. डेस्कवर विचारणा होते, ‘यात्रा तोंडावर आहे, आत्ताच कशाला?’ बातमी बाजूला राहते. दुसऱ्या दिवशी तिची जागा ‘यात्रेची जय्यत तयारी’ या बातमीने घेतलेली असते. यात्रेची पुरवणी निघायची असते, शुभेच्छांच्या जाहिराती देणाऱ्या मंडळींतच समितीचे लोक असतात आणि गावात पेपर टाकणारा एजंट त्यांच्याच आळीत राहतो. मुख्य म्हणजे वार्ताहरही त्याच गावात राहतो. त्याचं पोट पेपरच्या मानधनावर चालत नाही. त्याचं दुकान असतं, नाहीतर शेती, आणि रोज याच लोकांशी गाठ असते. दोनदा बातमी मारली गेली की तिसऱ्यांदा तो लिहूनच पाठवत नाही. मग डेस्कला मारायलाही काही उरत नाही.

या मौनाची किंमत काय असू शकते, हे सातारा जिल्ह्याला वेगळं समजावायची गरज पडू नये. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा. वाई तालुक्यातल्या मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग यांत सुमारे ३०० भाविक मेले. फुटलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, तिच्या कडेची दुकानं आणि त्यांतले गॅस सिलिंडर, हे सगळं नंतर सविस्तर छापून आलं. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग बसला, त्यानंतर नारळ फोडण्यावर आणि पशुबळीवर निर्बंध आले. यातली कोणतीही गोष्ट देवीच्या विरोधात नाही. पण नारळ कुठे फोडावा, बोकड कापावा की नाही, असं यात्रेआधी लिहिलं की ‘तुम्हाला आमचाच देव दिसतो का’ असा फोन येतो. फोन करणाऱ्याची श्रद्धा खरी असते. त्या पायऱ्यांवरून आपल्या आईला घेऊन जाणारा भाविकही तोच असतो.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या नागपंचमीचं असंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडायला मनाई आहे, उच्च न्यायालयाने ती अमलात आणायला लावली, आणि गावाच्या दृष्टीने तो पिढ्यान्‌पिढ्यांचा देव आहे. इथे दोन्ही बाजू मांडणारी बातमी लागते : नागाचं काय होतं, कायदा काय म्हणतो, शिराळकरांना काय वाटतं. त्यासाठी वार्ताहराला चार ठिकाणी फिरून चौघांना नावानिशी बोलतं करावं लागतं. ते अवघड वाटलं की उत्सवाचे फोटो आणि बंदोबस्ताचे आकडे छापून विषय संपवला जातो.

सामाजिक बहिष्काराच्या बातम्या सगळ्यात जास्त दबतात. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. पण वाळीत टाकलेलं कुटुंब पुढे आलं की जातीची किंवा धर्माची बाकीची मंडळी म्हणतात, हा आमचा घरचा मामला आहे, छापलंत तर समाजाची बदनामी होईल. ‘समाज’ या शब्दात ते वाळीत टाकलेलं कुटुंब धरलेलं नसतं.

संयम आणि भीती

मात्र न छापणं म्हणजे दर वेळी भित्रेपणा नव्हे, आणि हे मला तितक्याच जोराने सांगायचं आहे. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरील अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली, झळ कोल्हापूर-इचलकरंजीपर्यंत गेली. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव चालून गेला, एका तरुणाचा जीव गेला, अनेक जखमी झाले आणि प्रशासनाने इंटरनेट बंद केलं. अशा रात्री तो आक्षेपार्ह मजकूर जसाच्या तसा छापणारा पेपर निष्काळजी ठरेल. तो न छापणं हा संयम आहे. संपादकाचं ते कामच आहे.

पण त्या रात्री काय घडलं, पोलीस कधी पोचले, कोण मेलं, कुणाचं काय जळालं, हे ‘दोन गटांत तणाव, परिस्थिती नियंत्रणात’ एवढ्या ओळीत गुंडाळलं तर वाचक उरलेली बातमी मोबाइलवर शोधतो. तिथे त्याला अफवा मिळते, आणि अफवेत गटांची नावंही असतात, आकडेही असतात, सूडाची भाषाही असते.

दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी मी स्वतःला काही प्रश्न विचारत असे. थांबवल्याने कुणाचा जीव वाचणार आहे, की फक्त माझा फोन वाजायचा वाचणार आहे? दर्ग्याच्या विश्वस्तांबद्दल हीच बातमी असती तर छापली असती का, मठाबद्दल असती तर, चर्चबद्दल असती तर? चार दिवस थांबून छापणार आहे की कायमची पुरणार आहे? दुसरा प्रश्न सर्वांत टोचतो. एका धर्माच्या बाबतीत शूर आणि दुसऱ्याच्या बाबतीत सावध असलेला पेपर आपल्या ठरावीक वाचकाला खूश ठेवत असतो. त्याला निर्भीड म्हणता येणार नाही.

ही भीड आपल्याकडे नवी नाही. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा तो क्रमशः छापायला घेणाऱ्या ‘दीनबंधू’ने पहिली दोन प्रकरणं दिली आणि पुढची थांबवली. पत्र सत्यशोधक चळवळीचंच होतं, संपादक नारायण मेघाजी लोखंडे कामगारांसाठी झटणारे होते. तरी हात आखडला, आणि जोतीरावांनी या भेकडपणाबद्दलचा राग लपवला नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे संपादक होते. समाजसुधारणेवरून मतभेद झाले तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. धर्माच्या नावावर चाललेल्या रूढींवर त्यांनी इतकं स्पष्ट लिहिलं, की विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली.

श्रद्धेच्या आतूनही टीका झाली आहे आणि ती लोकांनी ऐकली आहे. नवसाला कापलेल्या बोकडांबद्दल गाडगेबाबा कीर्तनात जे बोलत, त्याच्या निम्म्या धारेचं वाक्यही आज जिल्हा पानावर ‘जरा सौम्य कर’ म्हणून परत येईल. बाबांना ते साधलं कारण त्यांच्या मनात समोरच्या माणसाबद्दल माया होती आणि लोकांना ती दिसत होती. वर्तमानपत्रालाही विश्वास याच मार्गाने मिळवावा लागतो. वर्षभर त्या गावाच्या रस्त्याची, पाण्याची, शाळेची बातमी केलेली असेल तर देवस्थानाच्या हिशेबाची बातमीही गाव वाचून घेतं.

नोटीस आली तर, भावना दुखावली तर

पत्रकारांसाठी काही गोष्टी माहीत असाव्यात अशा. या गुन्ह्याची शिक्षा ७ वर्षांहून कमी असल्याने सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलं आहे. आधी हजर राहण्याची नोटीस देण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. ३ ते ७ वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करून मगच गुन्हा नोंदवावा की नाही हे ठरवता येतं, आणि लिहिण्या-बोलण्यावरच्या तक्रारींत पोलिसांनी हा मार्ग वापरावा असं वर आलेल्या कवितेच्या २०२५ च्या निकालात म्हटलं आहे. कचेरीवर किंवा पत्रकारावर हल्ला झाला तर राज्याचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तपास उपअधीक्षक दर्जाहून खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. मात्र हल्ल्याची तक्रार त्या कायद्याचं नाव घेऊन दिलेली बरी. ठाण्यात अनेकदा साधी मारहाण म्हणून नोंद होते.

आणि ज्याचं मन खरंच दुखावलं आहे, त्याच्यासाठीही मार्ग आहेत. पहिला म्हणजे संपादकाला लेखी कळवणं : कोणतं वाक्य, का चुकीचं, खरं काय. चूक असेल तर पेपरने दुरुस्ती ठळक छापली पाहिजे. मत पटलं नसेल तर उत्तराला जागा दिली पाहिजे. पेपर दाद देत नसेल तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी संपादकाला आधी पत्र लिहिलेलं असावं लागतं. दैनिक किंवा साप्ताहिकातल्या मजकुरासाठी मुदत छापून आल्यापासून २ महिन्यांची आहे आणि तक्रारीसोबत कात्रण जोडावं लागतं. वकील लागत नाही.